रॉबिनची बाजू, ॲलिसची बाजू

के. जे. चार्ल्स यांची ‘द जेंटल आर्ट ऑफ फॉर्च्यून हंटिंग’ ही इंग्रजी कादंबरी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. रॉबिन आणि मॅरिअन लॉक्सली ही देखणी, गोडबोली भावंडं लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात येऊन दाखल होतात. दोघांचा बेत एकच : पैसेवाल्या घरात लग्न जमवायचं. मॅरिअनची नजर एका मार्क्विसवर, तर रॉबिनची ॲलिस फेनविकवर. ॲलिस दिसायला साधी, गणितात रमणारी, आणि तिच्यामागं बिअरच्या कारखान्याचा पैसा. आडवा येतो तो तिचा मामा, सर जॉन हार्टलबरी, म्हणजेच ‘हार्ट’. हा बॅरनेट ओबडधोबड, फटकळ, गोड बोलण्याला न भुलणारा. रॉबिन लबाड आहे हे तो ओळखतो. पुढं त्याच्याशी पत्ते खेळताना रॉबिन मोठी रक्कम हरतो, फेडायला जवळ काही नसतं, आणि ते कर्ज शय्येवर फेडायचा सौदा ठरतो. त्या सौद्यातून या दोन पुरुषांचं प्रेम उभं राहतं आणि कथा गोड शेवटाकडं जाते.

काळ रीजन्सीचा. तिसरा जॉर्ज आजारपणामुळं राज्य करायला असमर्थ ठरला आणि त्याचा मुलगा रीजंट म्हणून कारभार पाहू लागला, तो १८११ ते १८२० हा काळ. इंग्रजीत या काळावरच्या प्रेमकथांची परंपरा मोठी आहे. अलीकडं त्यांत समलिंगी नायक-नायिकांनाही जागा मिळू लागली आहे, आणि चार्ल्स हे त्यातलं ठळक नाव.

या कादंबरीवरून वाचकांत तट पडतात. काहींना रॉबिन-हार्टची शाब्दिक चकमक, मॅरिअनचा करारीपणा आणि ॲलिसचं स्वतंत्र मन फार आवडतं. काहींना कर्जाचा तो सौदा पचत नाही. फसवायला निघालेल्या माणसाला लेखिकेनं फार स्वस्तात सोडलं, असं त्यांना वाटतं. आमच्या घरी हा वाद माझ्यात आणि आत्यात झाला. आत्यानं सातारच्या कोर्टात हयातभर वकिली केली, त्यातली बरीच वर्षं कौटुंबिक दाव्यांत. मी समलिंगी आहे हे तिला माझ्या आईवडिलांच्याही आधी ठाऊक होतं. पुस्तक मीच तिला दिलं. तिनं ते पेन्सिलीनं खुणा करत वाचलं, आणि त्या खुणांवरून आमचं बोलणं सुरू झालं.

आत्या : आधी एक कबूल करते. पुस्तक छान लिहिलंय. रॉबिन बोलायला लागला की खाली ठेववत नाही. पण माझी अडचण तिथूनच सुरू होते. गोड बोलणं हाच या माणसाचा धंदा. लेखिकेनं तो माझ्यावरही चालवला, आणि मग मला सांगितलं, बघा किती लोभस आहे! एखाद्या मुलीच्या पैशावर डोळा ठेवून तिच्याशी सलगी करणाऱ्याला मी ठग म्हणते. देखणा असला तरी ठगच.

मी : म्हण. पण मग त्या दिवाणखान्यात ठग नाही असा कोण आहे, तेही सांग. जेन ऑस्टिन त्याच काळात लिहीत होती. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ १८११ चं. त्यातला विलबी मॅरिअन डॅशवुडला सोडून मिस ग्रेशी लग्न करतो, कारण तिचे पन्नास हजार पौंड. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ चं. त्यातला विकम डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला पळवायला निघतो, तिच्या तीस हजारांसाठी. शार्लट लुकस कॉलिन्सशी लग्न करते ते डोक्यावर छप्पर हवं म्हणून. नवरदेवाचं वर्षाचं उत्पन्न त्याची ओळख व्हायच्या आधी गावभर झालेलं असतं. तो उघड बाजार होता. त्यात उभं राहायला घराणं लागतं, जमीन लागते. रॉबिनकडं दोन्ही नव्हतं, म्हणून त्यानं रूप आणि जीभ पणाला लावली.

आत्या : बाजार म्हटला म्हणून पाप संपत नाही. बाजारातही नफा घेणारा वेगळा आणि मापात मारणारा वेगळा. शार्लट कॉलिन्सला फसवत नाही. तिला काय हवंय हे कुणापासून लपलेलं नाही. रॉबिनचं तसं नाही. आणि असल्या माणसाच्या हाती सापडलेल्या बाईचं त्या काळात काय व्हायचं, ते तुम्ही प्रेमकथा वाचणारे लक्षात घेत नाही. लग्न लागलं की तिची जंगम मालमत्ता कायद्यानं नवऱ्याची. जमिनीचं उत्पन्नही तोच घेणार. आधीच विश्वस्त नेमून करार करून ठेवला असेल तर तेवढं वाचायचं. आपल्या धर्मशास्त्रात निदान स्त्रीधन नावाची गोष्ट होती. इंग्लंडमध्ये बायकोची मालमत्ता बायकोची राहायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले.

मी : म्हणून तर ॲलिसचा मामा एवढा सावध आहे.

आत्या : सावध नसला तर काय होतं ते सांगते. कॅथरीन टिल्नी-लाँग. त्या वेळी इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत वारसदार मुलींत तिचं नाव. पुढं चौथा विल्यम म्हणून राजा झालेला ड्यूक ऑफ क्लॅरेन्ससुद्धा तिला मागणी घालत होता. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं विल्यम वेस्ली-पोलशी, १८१२ मध्ये. हा वेलिंग्टनचा पुतण्या. तोच वेलिंग्टन, १८०३ मध्ये जालन्याजवळ असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरवणारा. पुतण्या देखणा, शौकीन आणि उधळ्या. दहा वर्षांत त्यानं त्या इस्टेटीचा चुराडा केला. १८२२ मध्ये तिच्या वॉनस्टेडच्या वाड्यातल्या सामानाचा लिलाव लागला, तो बत्तीस दिवस चालला. बत्तीस दिवस, रोज तिच्या वाडवडलांच्या घरातली एकेक चीज पुकारली जात होती. मग वाडाही पाडला आणि त्याचा माल विकला. नवरा सावकारांना चुकवत परदेशी, तिथं दुसऱ्या बाईच्या नादी. १८२५ मध्ये कॅथरीन वारली, पस्तिशीत. मग हा गृहस्थ मुलांचा ताबा मागायला कोर्टात आला. १८२७ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर एल्डननं त्याला ताबा नाकारला. बापाचा हक्क जवळजवळ अभेद्य मानायचे तो काळ, म्हणून त्या निकालाचं महत्त्व मोठं. पण कॅथरीन हा निकाल ऐकायला नव्हती. आता सांग, रॉबिनच्या गोड जिभेवर मी काय म्हणून भुलावं?

मी : तुझ्याच दाखल्यात माझं उत्तर आहे, आत्या. वेस्ली-पोलनं नाव खोटं सांगितलं नव्हतं. घराणं खरं होतं, काका खरा होता. त्यानं केलं ते कायद्यानं रीतसर लग्न. बाईचं सर्वस्व नवऱ्याला देऊन टाकणारा कायदा जागेवर होता तोपर्यंत मापात मारायची गरजच नव्हती. मग शिव्या फक्त रॉबिनला का? आणखी एक. तू सगळ्या खुणा रॉबिनच्या पानांवर केल्यात. मॅरिअन अगदी तेच करते, तिच्या पानांवर एकही रेघ नाही.

आत्या : नाही, कारण मॅरिअनपुढं दुसरा रस्ता नव्हता. तिच्यासारख्या मुलीनं करायचं काय? कुणाच्या तरी घरी गव्हर्नेस, नाहीतर कुणा म्हातारीची सोबतीण, नाहीतर याहून वाईट. लग्न हीच बाईची नोकरी होती. रॉबिनला हातपाय होते. कारकुनी करायची, दुकानात उभं राहायचं.

मी : पोटापुरतं मिळवता आलं असतं, मान्य. पण लग्न म्हणजे फक्त पोट नव्हे. बाकीच्या तरुणांना त्या बाजारात पैसा मिळायचा आणि नशीब असेल तर प्रेमही. रॉबिनला आवडणार पुरुष. लग्नातलं प्रेम त्याच्या वाट्याला येणारच नव्हतं, कायद्यानं नाही आणि धर्मानंही नाही. मग त्याच्यासाठी लग्नात उरलं काय? पैसा आणि आडोसा. तू त्याला लोभी म्हणतेस. मला तो असा माणूस दिसतो, की ज्याच्यासाठी त्या संस्थेत दुसरं काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

आत्या : आणि त्या मुलीसाठी काय शिल्लक राहतं? तिथं मी परत येणार आहे. आधी कर्जाच्या सौद्याचं बोलू. त्या पानावर मी दोन रेघा मारल्यात. अरे, ते कर्ज कर्जच नव्हतं! राणी ॲनच्या काळात, १७१० चा कायदा आहे त्यांच्याकडं : जुगारात हरलेल्या पैशासाठी लिहून दिलेले रोखे रद्दबातल. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात तिसावं कलम आहे, पैजेचा करार शून्य. आणि अनैतिक मोबदल्याचा करार तेविसाव्या कलमानं शून्य. म्हणजे मुळात न लागणारं देणं, आणि ते फेडायचा न टिकणारा करार. कुठल्याही न्यायाधीशानं कागद फेकून दिला असता.

मी : पण हे प्रकरण न्यायाधीशापुढं जाणारच नव्हतं. पत्त्यांतलं देणं त्या समाजात सगळ्यांत आधी फेडायचं. शिंप्याचं, वाण्याचं बिल वर्षानुवर्षं थकलं तरी चालेल. पत्त्यांतलं देणं बुडवलं की सगळी दारं बंद. बो ब्रमेल हा रीजंटचा एके काळचा मित्र, अख्ख्या लंडनला कपडे कसे घालावेत हे शिकवणारा. १८१६ मध्ये तो कर्जापायी रातोरात फ्रान्सला पळाला, तो पुन्हा इंग्लंडमध्ये राहायला आलाच नाही. रॉबिनचं सगळं भांडवल म्हणजे लोकांचं त्याच्याबद्दलचं मत. तेच हार्टच्या मुठीत होतं.

आत्या : अरे, मग माझं म्हणणं तूच मांडलंस! एकाची अब्रू दुसऱ्याच्या मुठीत असताना मिळालेला होकार, याला आम्ही होकार म्हणत नाही. त्याच करार कायद्याचं सोळावं कलम : वरचष्म्याचा गैरफायदा. हार्ट श्रीमंत, जमीनदार, सर ही पदवी लावणारा. रॉबिन कुणीच नाही. असल्या सौद्यातून प्रेम निघालं, असं वाचून मला धास्ती वाटते. उद्या एखादा साहेब हाताखालच्या पोराला म्हणेल, बघ, पुस्तकातही असंच होतं.

मी : धास्ती योग्य आहे, आणि ती वाचकाला वाटावी म्हणूनच तो प्रसंग तसा लिहिलाय असं मला वाटतं. पण वरचष्मा एकाचाच होता, हे मला पटत नाही. दोन पुरुषांमधल्या संबंधाला त्या काळात फाशी होती. म्हणजे हार्टनं हा सौदा केला त्या क्षणी त्यानं स्वतःची मान एका पत्तेबाजाच्या हातात दिली. रॉबिननं बाहेर एक शब्द काढला असता तर बॅरनेटची पदवी, घर, बहीण, भाची सगळं मातीत. १८२२ मध्ये इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री कॅसलरे यानं आत्महत्या केली. अशाच आरोपाची धमकी आपल्याला येत असल्याचं तो मरण्यापूर्वी बोलला होता. खरं काय, खोटं काय ते त्याच्याबरोबर गेलं. पण एवढ्या मोठ्या माणसालाही ती भीती पुरून उरली, हे दिसतंच.

आत्या : हा मुद्दा चांगला काढलास, पण अर्धाच घेते. असल्या आरोपाची धमकी देऊन पैसे उकळणं त्यांच्या कोर्टांनी जबरी चोरीत धरलं होतं. म्हणजे रॉबिन बोलला असता तर हार्टची अब्रू गेली असती, पण बॅरनेटचा शब्द प्रमाण धरून रॉबिन फासावर चढण्याचाही संभव होता. समोरासमोर दोघांच्या हातात सुरी असली म्हणून ते बरोबरीचे होत नाहीत. आणि सुऱ्या बाजूला ठेवल्याशिवाय विश्वास सुरू होत नाही.

मी : त्या सुऱ्या बाजूला कशा ठेवल्या जातात, तीच तर या कादंबरीची गोष्ट. दोघं एकमेकांबद्दल वाईटात वाईट ते आधीच जाणून असतात. एक लबाड म्हणून उघडा पडलाय, दुसरा आपल्या गरजेपायी. लपवायला काही उरलेलं नाही. म्हणून पुढं त्यांच्यात होणारं बोलणं लंडनमधल्या कुठल्याही सभ्य मागणीपेक्षा खरं आहे.

आत्या : बरं. आता शेवटाकडं ये. तू आत्ता फाशीचा उल्लेख केलास. ती पुस्तकात कुठं दिसते? १८१० च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिअर स्ट्रीटवरच्या ‘व्हाइट स्वान’ या खानावळीवर छापा पडला. सप्टेंबरमध्ये सहा जणांना हेमार्केटला खोड्यात उभं केलं. हजारोंचा जमाव चिखल, घाण, मेलेली मांजरं त्यांच्यावर फेकत होता. १८११ च्या मार्चमध्ये त्याच प्रकरणातल्या दोघांना फाशी दिलं. त्यातला एक सैन्यात ढोल वाजवणारा कोवळा पोरगा. रीजन्सी सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता! या गुन्ह्यासाठी इंग्लंडमध्ये शेवटची फाशी झाली १८३५ मध्ये, प्रॅट आणि स्मिथ यांना. ती शिक्षा कायद्याच्या पुस्तकातून गेली १८६१ मध्ये. त्याच शहरात, त्याच वर्षांत दोन पुरुष सुखानं नांदू लागले असं लिहायचं, म्हणजे त्या फासावर गेलेल्यांच्या वाटणीचं दुःख पुसून टाकणं नाही का?

मी : नाही. कारण फाशी झाली ती सापडलेल्यांना. न सापडलेले कितीतरी जगले, आणि त्यांची नोंद कोर्टाच्या वहीत नाही. एकीनं मात्र स्वतःच नोंद ठेवली. हॅलिफॅक्सजवळच्या शिबडेन हॉलची मालकीण ॲन लिस्टर, जन्म १७९१ चा. तिच्या डायऱ्यांचे शब्द पन्नास लाखांच्या घरात. त्यातला सुमारे सहावा हिस्सा सांकेतिक लिपीत, ग्रीक अक्षरं आणि बीजगणितातली चिन्हं वापरून लिहिलेला. बायकांवरचं तिचं प्रेम त्या भागात. ती लिपी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला उलगडली गेली, पण मजकूर दडपून ठेवला. लोकांपुढं तो आला १९८८ मध्ये हेलेना व्हिटब्रेड यांच्या संपादनामुळं. आणि आत्या, ही लिस्टर आपल्या वादातलीच आहे. तिनं सोबतीण निवडली ती शेजारची वारसदार ॲन वॉकर. वॉकरची जमीन किती, उत्पन्न किती, त्यातून शिबडेनची दुरुस्ती कशी होईल, हे सगळं डायरीत आहे. सोबतीची ओढही त्याच पानांवर आहे. १८३४ च्या ईस्टरला दोघींनी यॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एकत्र प्रसाद घेतला आणि तेच आपलं लग्न मानलं. मृत्युपत्रं बदलून एकमेकींची सोय केली. पैशाचा हिशेब आणि माया एकाच घरात राहू शकतात, याचा याहून जिवंत पुरावा कुठला?

आत्या : आणि पुढं? १८४० मध्ये लिस्टर जॉर्जियात कुटाइसीला प्रवासात वारली. मृत्युपत्रानं वॉकरला शिबडेनमध्ये हयातभर राहण्याचा हक्क दिला होता. पण १८४३ मध्ये नातेवाइकांनी तिला वेडी ठरवून त्या घरातून बाहेर काढलं. कागद पक्का होता, तरी तो तिच्या मदतीला आला नाही, कारण त्या नात्याला कायद्यात नावच नव्हतं. मी वकील आहे. मला गोड शेवटानंतरची पानंही दिसतात.

मी : ती पानं मलाही दिसतात, कारण मी त्यांत राहतो. मेकॉलेच्या आयोगानं आपल्या दंडसंहितेचा मसुदा १८३७ मध्ये दिला, १८६० मध्ये कायदा झाला, आणि त्यातलं ३७७ कलम ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत माझ्यासारख्यांच्या मानेवर होतं. लग्नाचा हक्क सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्येही मान्य केला नाही. शोकांतिका आम्हाला नव्यानं शिकवाव्या लागत नाहीत. ई. एम. फॉर्स्टरचं उदाहरण घे. देवासच्या पवार महाराजांकडं काही काळ खासगी चिटणीस होता तोच. त्यानं १९१३-१४ मध्ये ‘मॉरिस’ लिहिली. त्यातल्या दोन पुरुषांना त्यानं हट्टानं सुखी ठेवलं, आणि तेवढ्यासाठी कादंबरी जन्मभर कपाटात ठेवावी लागली. ती छापली गेली १९७१ मध्ये, तो गेल्यावर. शेवटी एकाला फास लावला असता तर ती केव्हाच छापता आली असती. म्हणून गोड शेवट मला इतिहासाची पुसापुशी वाटत नाही. अशा माणसांना मारल्याशिवाय त्यांची गोष्ट सांगायची नाही, या जुन्या अटीला दिलेला तो नकार आहे.

आत्या : हे मला पटलं, आणि मनापासून पटलं. तुला सुखाचा शेवट हवा, तो मिळायलाच हवा. पण मी म्हटलं होतं ना, एका प्रश्नाकडं परत येईन. शेवट गोड कुणाचा? माझ्याकडं एक मुलगी आली होती. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. नवरा स्वभावानं चांगला, मारझोड नाही, व्यसन नाही. त्याचं मन दुसऱ्या पुरुषावर, आणि घरच्यांना ते लग्नाआधीपासून ठाऊक. तिनं आल्या आल्या स्त्रीधनाची यादी टेबलावर ठेवली. वहीचा कागद : पाटल्या, चांदीचं ताट, फ्रिज, शिलाई मशिन. मी विचारलं, नुकसानभरपाई किती मागायची? ती म्हणाली, पैशाचं नंतर बघू. सासूबाई सगळ्यांना सांगतात, हिच्यातच खोट आहे. ते खोडून निघेल असं काहीतरी अर्जात लिहा. आता हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमाखाली फसवणुकीनं झालेलं लग्न रद्द करता येतं, पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ती वर्षभर नवऱ्याची दया येऊन थांबली होती. मुदत टळून गेली होती. मी कादंबरी वाचते तेव्हा रॉबिन दिवाणखान्यात ॲलिसशी बोलत असतो, आणि मला ती यादी दिसते.

मी : मला माझ्या घरातली बैठक आठवते. काका म्हणाले होते, लग्न करून टाक, आपोआप सगळं ठीक होईल. स्थळही तयार होतं. मुलीच्या वडिलांचा पेट्रोल पंप, एकुलती एक लेक. तू तिथं सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, मुलगी बघायला जाणार असाल तर तिचं वकीलपत्र मी घेतलंय असं समजा.

आत्या : आणि तूही ताठ राहिलास. नाहीतर वकीलपत्राचा काय उपयोग?

मी : म्हणून ॲलिसबद्दल मी तुझ्याइतकाच हळवा आहे. पण लेखिकाही आहे, असं माझं म्हणणं. तिनं ॲलिसला कथेतली तिजोरी करून ठेवलेलं नाही. तिला गणित शिकायचंय, आणि त्या काळात ही साधी इच्छा नव्हती. मेरी सॉमरव्हिलचं बघ. पहिल्या नवऱ्याला बाईनं अभ्यास केलेला रुचायचा नाही. १८०७ मध्ये तो वारला, हाती थोडा पैसा आणि स्वतःचा वेळ आला, तेव्हा कुठं तिला मोकळेपणी गणित करता आलं. १८११ मध्ये गणिताचा एक प्रश्न सोडवून तिनं रौप्यपदक मिळवलं. मुलींसाठी गर्टन कॉलेज निघालं तेच १८६९ मध्ये. त्या जगात बायकोला तिच्या वह्यांसकट एकटं सोडणारा नवरा ही मोठी गोष्ट होती. ॲलिस रॉबिनशी बोलते ते एक माणूस म्हणून, आणि रॉबिनची तिच्याशी खरी मैत्री होते. शिकार करायला आलेल्याला समोर मैत्रीण दिसू लागते, तिथून तो बदलतो. माझ्या मते हार्टच्या प्रेमापेक्षाही ॲलिसच्या मैत्रीनं त्याला माणसात आणलं.

आत्या : मैत्रीपाशी माझा राग निम्मा होतो. आपखुशीनं, सगळं जाणून दोघांनी सोयीचं लग्न ठरवलं तर माझ्यासारखीनं आक्षेप घेऊ नये. असे करार मीही करून दिलेत. माझी कसोटी सोपी आहे. तिला खरं सांगितलं का? लग्नाआधी सांगितलं का? आणि ऐकल्यावर नाही म्हणायची मोकळीक तिला होती का? या तिन्हींना हो असेल तर फॉर्च्यून हंटरलाही मी जावई म्हणून बसवून घेईन.

मी : तीच कसोटी मी हार्टच्या सौद्याला लावतो. पहिल्या रात्री नाही म्हणायची मोकळीक नव्हती, म्हणून तिथं तुझ्या रेघा राहू देत. पुढं जेव्हा दोघांकडंही ती मोकळीक येते आणि तरी ते एकमेकांकडं येतात, तिथपासून मी त्याला प्रेम म्हणतो.

आत्या : आणि मी म्हणते, मधल्या अंतराची भरपाई लेखिकेनं आणखी कडक घ्यायला हवी होती. रॉबिननं कमावलेली माफी मला अजून थोडी स्वस्त वाटते.

यावर आमचं एकमत झालेलं नाही. आत्याला रॉबिनची माफी स्वस्त वाटते, मला ती पुरेशी महाग वाटते, आणि हे पुस्तक वाचणाऱ्या बऱ्याच जणांत हाच फरक राहील. प्रेमकथेनं आधी सुख द्यावं की आधी जाब विचारावा, यावर तो अवलंबून आहे. पण आत्याच्या तीन प्रश्नांवर आम्ही दोघंही उभे आहोत, आणि त्या प्रश्नांना इंग्लंडच्या दिवाणखान्यापेक्षा आपल्या घरांत जास्त काम आहे.

रॉबिनपाशी निदान एक सबब होती : त्याच्या काळात खरं बोलण्याची शिक्षा फाशी होती. आज मुलगा समलिंगी आहे हे ठाऊक असताना त्याच्यासाठी मुलगी शोधणाऱ्या, पत्रिका जुळवणाऱ्या, मानपान आणि देणंघेणं ठरवणाऱ्या घराकडं कुठली सबब आहे? ते घर आपल्याच मुलाला रॉबिन बनवतं आणि परक्याच्या मुलीला अंधारात ठेवून ॲलिसच्या जागी आणून बसवतं. वर समाजात सज्जन म्हणून मिरवतं. मुलगा आपला, म्हणून त्याची बाजू घेणं सोपं आहे. त्या मुलीची बाजू घेणारं कुणीतरी बोलणी सुरू व्हायच्या आधी त्या बैठकीत हवं. तिला खरं सांगायची तयारी नसेल, तर स्थळ बघायला जाऊ नये.